ऑक्टोबर १८९६: दार लावून घेणाऱ्यांची बाजू

मुंबईत प्लेग आल्याचं महापालिकेला पहिल्यांदा सांगितलं ते डॉ. अकासियो व्हिएगस यांनी, २३ सप्टेंबर १८९६ रोजी. मूळचे गोव्याचे व्हिएगस मांडवी भागात रुग्ण पाहत होते. मांडवी म्हणजे बंदर, धान्याच्या वखारी आणि उंदीर. तापाबरोबर काखेत किंवा जांघेत गाठ येते आणि माणूस काही दिवसांत जातो, एवढं लोकांना दिसत होतं. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून दाखवलं ते १८९८ मध्ये. म्हणजे १८९६ साली रोग नेमका कसा पसरतो, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं आणि रहिवाशांनाही.

तरीही त्या काळचे सरकारी अहवाल वाचताना अज्ञान फक्त लोकांच्याच पदरात पडलेलं दिसतं. हे अहवाल लिहिणारे अधिकारी होते. चाळीतल्या बाईचं म्हणणं कुणी नोंदवून ठेवलं नाही. तिचं मत तिच्या वागण्यावरूनच ताडावं लागतं.

पालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी ६ ऑक्टोबरला हुकूम काढला: घरात शिरायचं, निर्जंतुक करायचं, रुग्णाला गरज पडल्यास बळानं रुग्णालयात न्यायचं. गटारांत कार्बोलिक ओतलं गेलं. पुढे तर सूर्यप्रकाश यावा म्हणून छपरांची कौलं काढली, भिंतींना चुना दिला. त्या काळच्या छायाचित्रांत दारांशेजारी रंगानं काढलेली वर्तुळं दिसतात. तो प्लेगच्या रुग्णांचा हिशेब होता. आपल्या उंबऱ्यावर अशी खूण नको म्हणून कुणी आजारी माणूस लपवला, तर त्याला अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. रुग्णालयात नेलेल्यांपैकी बरेच जण उशिरा पोचत आणि तिथंच दगावत. शेजाऱ्यांना दिसे ते एवढंच: माणूस जिवंत गेला आणि परत आला नाही. व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं गेलं होतं, त्याचा सूड रुग्णालयात उगवला जातोय, अशी अफवा त्या ऑक्टोबरात पसरली. २९ तारखेला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेले.

लगेचच स्नो यांनी सक्ती सैल केली. घरी नीट वेगळं ठेवता येणाऱ्या रुग्णाला हलवलं जाणार नाही, असं जाहीर झालं. कारण त्यांनी स्वतःच अहवालात दिलं आहे. हलालखोर, म्हणजे शहराचा मैला वाहणारे कामगार, घाबरून निघून गेले असते तर मुंबई राहण्याजोगी उरली नसती. मला हा मजकूर फार मोलाचा वाटतो. शहराचं आरोग्य ज्यांच्या हातात होतं, त्यांचा विश्वास गमावला तर कायदा कामाचा नाही, हे एका अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय.

आणि लोक हातावर हात धरून बसलेही नव्हते. फेब्रुवारी १८९७ पर्यंत निम्म्याच्या आसपास मुंबई रिकामी झाली होती. गावोगावी उंदीर मरून पडू लागले की घराला कुलूप लावून माळावर झोपडी बांधायची, ही रीत पडली. जिथून रोग येतो ती जागा सोडणं, ही त्या परिस्थितीतली सर्वांत शहाणपणाची खबरदारी होती. मात्र पळणाऱ्यांबरोबर रोगही गावी गेला, हेही तितकंच खरं. जातीजमातींनी आपापली प्लेग रुग्णालयं काढली, तेव्हा तिथं रुग्ण आपणहून आले. आपली माणसं शुश्रूषा करणार म्हटल्यावर रुग्णालयाचीच भीती कमी झाली.

स्नो यांचा धडा मात्र टिकला नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली सोल्जर घरांत घुसले आणि २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. मुंबईतही ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात एका जुलाहा, म्हणजे विणकर, कुटुंबातल्या आजारी मुलीला तपासायला पथक गेलं आणि दंगल पेटली, पोलिसांनी गोळीबार केला. त्यानंतरच सरकारनं सक्तीचा हात हळूहळू आखडता घेतला. जे ऑक्टोबर १८९६ मध्ये एका महिन्यात कळलं होतं, ते पुन्हा कळायला दीड वर्ष आणि अनेक जीव लागले.