बिनतारी वाहिनीवरील मोडेम आणि ग्रामीण माहितीवहन : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

सेवाग्राम आश्रमात एक जुना दूरध्वनी जतन करून ठेवलेला आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या कारकिर्दीत, गांधीजींशी थेट संपर्क साधता यावा म्हणून तो बसविण्यात आला होता. एका खेड्यापर्यंत तार पोहोचविण्यास त्या काळी तांत्रिक अडचण नव्हती. प्रश्न राज्यकर्त्यांच्या गरजेचा होता. वर्धा जिल्ह्यातील दळणवळणाचा इतिहास अभ्यासताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, कारण पुढे आवाजाऐवजी माहिती वाहून नेण्याची वेळ आली तेव्हाही कोणत्या गावाला काय द्यावयाचे, हे आधी धोरणाने ठरले व मग यंत्राने.

भारताने अॅनालॉग सेल्युलर दूरध्वनीचा टप्पा ओलांडून एकदम डिजिटल युगात 'उडी' घेतली, असे विधान आपल्याकडील लेखनात वारंवार आढळते. एका मर्यादित अर्थाने ते खरे आहे. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानंतर सेल्युलर परवाने जीएसएम या डिजिटल पद्धतीसाठी दिले गेले, ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीस पहिला संवाद झाला आणि त्यानंतर महाराष्ट्र परिमंडळात, ज्यात वर्धा जिल्हा मोडतो, तीच पद्धत आली. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते हे विधान खेड्यांपुरते दिशाभूल करणारे आहे. अॅनालॉग बिनतारी वाहिनी भारतीय खेड्यांत आली होती; ती सेल्युलर नव्हती एवढेच. तिच्यावरून माहिती का जाऊ शकली नाही, हे समजण्यासाठी ज्या देशांत अॅनालॉग सेल्युलरवरून माहिती पाठविण्याचा प्रयत्न झाला तेथील अनुभव प्रथम पाहणे आवश्यक आहे.

अमेरिकेत १९८३ च्या ऑक्टोबरात शिकागो येथे एएमपीएस ही अॅनालॉग सेल्युलर सेवा सुरू झाली. ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रत्येकी ३० किलोहर्ट्झ रुंदीच्या वाहिन्या, ध्वनीचे वहन एफएम पद्धतीने. मोडेम हे यंत्र अंकांचे रूपांतर सुरांत करते व पलीकडचा मोडेम त्या सुरांचे पुन्हा अंक करतो. तेव्हा जेथून आवाज जातो तेथून मोडेमचे सूरही जातील, ही अपेक्षा स्वाभाविक होती. प्रत्यक्षात तसे घडले नाही. मानवी कान ज्या त्रुटी सहज माफ करतो त्या मोडेमला घातक ठरतात. गाडी एका मनोऱ्याच्या कक्षेतून दुसऱ्याच्या कक्षेत जाताना वाहिनी क्षणभर तुटते. याशिवाय मनोरा दूरध्वनीस मधूनमधून सूचना पाठवितो, तेव्हा आवाज तेवढ्यापुरता बंद करून त्याच वाहिनीवरून त्या सूचना जातात. बोलणाऱ्यास एखादे अक्षर गळल्यासारखे वाटते. मोडेम मात्र वाहक सूर हरपला असे समजून दूरध्वनी ठेवून देतो.

यावर जे उपाय योजले गेले ते तपशिलाने पाहण्याजोगे आहेत. हेज कंपनीने १९८१ मध्ये रूढ केलेल्या 'एटी' आज्ञांच्या पद्धतीत मोडेमच्या अंगी काही क्रमांकित नोंदी असत. त्यांतील एस-१० ही नोंद वाहक सूर गेल्यावर किती वेळ वाट पाहावी हे ठरवी, आणि तिचे एकक एक दशांश सेकंद असे. पुष्कळ मोडेमांत हे मूल्य १४, म्हणजे १.४ सेकंद, ठेवलेले असे. सेल्युलरसाठी ते वाढवावे लागे. एस-७ ही नोंद जोडणीच्या आरंभी पलीकडचा सूर ऐकू येण्यासाठी किती थांबावे ते सांगे, तीही वाढवीत. सेल्युलर दूरध्वनीस डायल टोन नसतो, म्हणून त्याची वाट न पाहता क्रमांक फिरविण्याची आज्ञा द्यावी लागे, किंवा खोटा डायल टोन निर्माण करणारी जोडपेटी मध्ये बसवावी लागे. आवाजाची पातळी दाबून पाठविणारे व पलीकडे पुन्हा उलगडणारे मंडल एएमपीएसमध्ये होते. त्यामुळे मोडेमचा सूर जोरात सोडला तर तो विकृत होई, हळू सोडला तर गोंगाटात बुडे. वेगाचाही मोह आवरावा लागे. तारेवर १४,४०० बिट प्रतिसेकंद देणारा मोडेम येथे ९,६०० किंवा ४,८०० वर बांधून ठेवणे शहाणपणाचे ठरे.

मायक्रोकॉम कंपनीच्या एमएनपी-१० या नियमावलीने हेच शहाणपण मोडेमच्या अंगी आपोआप यावे अशी व्यवस्था केली. नेहमीचा मोडेम आरंभीच सर्वोच्च वेग मागतो आणि न जमल्यास खाली येतो. एमएनपी-१० कमी वेगाने जोडणी पक्की करून मग वर चढते. वाहिनी बिघडली की माहितीचे तुकडे लहान करते, म्हणजे एखादा तुकडा खराब झाला तरी पुन्हा पाठविण्याचा भार थोडाच पडतो. १९९३ च्या सुमारास एटीअँडटी पॅराडाइन या कंपनीने ईटीसी ही स्पर्धक पद्धत आणली. त्याच सुमारास सीडीपीडी ही निराळी योजना आली. तिने मोडेमच्या सुरांचा मार्गच सोडला आणि सेल्युलरच्या रिकाम्या वाहिन्यांतून माहितीचे गठ्ठे थेट पाठविले. दहा वर्षांच्या खटपटीचा अर्थ या एका निर्णयात आहे : आवाजासाठी बांधलेल्या वाटेवरून माहिती रेटण्यापेक्षा तिच्यासाठी वेगळी वाट काढणे बरे.

आता भारतीय खेड्यांकडे वळू. सी-डॉटचे १२८ जोडण्यांचे ग्रामीण केंद्र १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे प्रथम सुरू झाले आणि त्यानंतर ते देशभर पसरले. पण केंद्रापासून दूरच्या गावांपर्यंत तांब्याची तार नेणे खर्चाचे होते. त्यासाठी १९९० च्या दशकात 'मार' या नावाने ओळखली जाणारी अॅनालॉग बिनतारी पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. तिच्या प्रचलित रचनेत दोन रेडिओ वाहिन्या पंधरा गावांत वाटलेल्या असत. दोन गावे बोलत असली की उरलेल्या तेरांनी थांबावयाचे. अशा वाहिनीवर मोडेम लावून कोणी अर्धा तास माहिती पाठविली असती, तर पंधरा गावांची निम्मी क्षमता तेवढा वेळ अडली असती. म्हणजे येथे प्रश्न केवळ एस-१० च्या मूल्याचा नव्हता. वाहिनीची मूळ कल्पनाच तीन मिनिटांच्या निरोपाची होती. यंत्रणा इतकी नादुरुस्त राहिली की पुढे सार्वत्रिक सेवा निधीतून देशातील पावणेदोन लाखांहून अधिक मार दूरध्वनी बदलण्याचा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. 'उडी'च्या कथेत हे पावणेदोन लाख दूरध्वनी कोठेच बसत नाहीत.

धोरणाचा भाग याहून बोलका आहे. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने सर्व जिल्हा मुख्यालयांना २००० पर्यंत इंटरनेट आणि दोन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना २००२ पर्यंत वेगवान माहितीसेवा देण्याचे उद्दिष्ट ठेवले. २००१ च्या जनगणनेत वर्धा शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ११ हजार होती. हिंगणघाट त्याहून लहान. साडेबारा लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या जिल्ह्यात दोन लाखांची अट पुरी करणारे एकही शहर नव्हते. मुख्यालयापुरते डायल-अप मिळावे आणि आर्वी, आष्टी, कारंजा, समुद्रपूर यांनी जवळच्या तारेच्या भरवशावर राहावे, असाच या उद्दिष्टांचा व्यवहारात अर्थ होता.

मद्रास आयआयटीत प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने विकसित केलेल्या कॉरडेक्ट या प्रणालीत सीडीपीडीचाच विचार स्वतंत्रपणे आलेला दिसतो. तिच्यात आवाज ३२ किलोबिटमध्ये आवळून पाठविला जाई, आणि असा आवळलेला आवाज वेगवान मोडेमचे सूर नीट वाहू शकत नाही. म्हणून ग्राहकाच्या भिंतीवरील पेटीलाच संगणकासाठी वेगळे तोंड दिले गेले. मोडेम वगळून माहिती ३५ किंवा ७० किलोबिट वेगाने थेट जाई. जीएसएममध्येही आवाजाच्या वाहिनीतून सूर जात नसत. तेथे ९,६०० बिटांची माहितीसेवा वेगळी असे.

महाराष्ट्रात या साऱ्याची कसोटी वारणानगरला लागली. १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकांनी साखर कारखान्याशी जोडण्याची योजना होती. शेतकऱ्यास त्यावरून ऊसतोडीची पाळी, वजन, खत आणि देयके यांची माहिती मिळे. गावातील संगणकांचा उपयोग कारखान्याशी असलेल्या एवढ्या व्यवहारापुरताच होत राहिला. २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चने सात गावांत आठ महिने निराळा प्रयोग केला : संगणक काढून मोबाइलवरील लघुसंदेशांनी तेच काम करून पाहिले. सर्व कामे झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनी नवी पद्धत अधिक पसंत केली. १६० अक्षरांचा संदेश अखंड जोडणी मागत नाही. वाहिनी मिळेपर्यंत तो केंद्रात थांबतो. एमएनपी-१० ने जे मोठ्या प्रयासाने साधले ते येथे पद्धतीच्या स्वभावातच होते. वारणेची नोंद बहुधा संगणकीकरणाच्या इतिहासात होते. ती जोडणीच्या इतिहासात व्हावयास हवी.

वर्धा जिल्ह्यात ऊस नव्हे, कापूस. जुलै २००६ मध्ये विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली त्यांत वर्धा होता, आणि शेतकऱ्यापर्यंत हवामान, कीड व बाजारभाव यांची माहिती वेळेवर पोहोचणे हा येथे जगण्यामरण्याचा विषय झाला होता. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने वर्धा तालुक्यातील वायफड येथे ग्रामसंसाधन केंद्र उभारले, तेव्हा इस्रोच्या ग्रामसंसाधन योजनेतील उपग्रहाची वाट निवडली गेली. तार व मनोरा दोन्ही टाळून माहिती ३६,००० किलोमीटर उंचीवरून आली. या वाटेवर प्रश्नास उत्तर येण्यास सुमारे अर्धा सेकंद लागतोच, मग यंत्र कितीही चांगले असो. त्यामुळे पोच येण्याची किती वाट पाहावी, हे मूल्य उपग्रहाच्या जोडणीतही वाढवून ठेवावे लागते.