चुलीची ऊब

'घर तापविणे' हा शब्दप्रयोग कोकणपट्टीच्या बोलण्यात कधी रुळलाच नाही. शीत देशांतल्या घरांना लागते तशी भिंतीतली आगटी बोर्ली पंचतनला लागली नाही. समुद्र हाकेच्या अंतरावर. नाताळाच्या दिवसांतही येथला गारठा पहाटेपुरताच. त्यामुळे ऊब घरात आली ती स्वयंपाक, स्नान आणि बाळंतपण यांच्या सोबतीने.

चुलीला जोडून वैल असे. मुख्य जाळावर भात शिजे, उरलेल्या धगीवर दूध तापत राही. रात्री निखारे राखेत पुरून ठेवीत. सकाळी फुंकणीने फुंकले की विस्तव तयार, काडी ओढायला नको. न्हाणीघरापाशी तांब्याचा बंब : मधल्या नळीत करवंट्या, नारळाची सोडणे, पोफळीच्या वाळक्या झावळ्या, आणि भोवती पाणी. वाडीत पडलेले काहीच वाया जात नसे. बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून बंद खोलीत ओव्याची धुरी देत. ही चाल आपण मायेने जपली; परंतु कोंडलेला धूर माता आणि तान्हुले या दोघांनाही घातक, हे आज वैद्यक निःसंदिग्धपणे सांगते.

सरपणाची कथा निराळी. १९४८ पर्यंत हा मुलूख जंजिरा संस्थानात होता. डोंगरउतारावरचा टहाळ, पालापाचोळा आणि शेण भातरोपांच्या राबासाठीही लागे. म्हणजे एकाच फांदीवर शेताचाही हक्क आणि चुलीचाही. डोक्यावर भारा घेऊन उतरणाऱ्या बाईचे श्रम मात्र कोणत्याच दप्तरात नोंदले गेले नाहीत. राजे-नवाबांच्या तहांना आपण इतिहास म्हणतो, याचे आम्हांस नवल वाटते.

पुढे रॉकेलचा स्टोव्ह आला. १९५५ साली मुंबईत घरगुती गॅस सुरू झाला, पण खेड्यापाड्यांतल्या चुली त्यानंतरही अनेक दशके धुमसत राहिल्या. १९८३ च्या सुमारास सरकारने निर्धूर चुलीची योजना काढली, २०१६ मध्ये उज्ज्वला आली. बंब माळ्यावर गेला, त्याच्या जागी विजेचा गीझर बसला.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने हा किनारा झोडपला. विजेचे खांब आडवे झाले, गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. श्रीवर्धन तालुक्यातल्या माडा-पोफळींच्या बागा भुईसपाट झाल्या. एरवी वर्षभर वेचून गोळा करावे लागणारे जळण त्या पावसाळ्यात प्रत्येक वाडीत ओलेचिंब पडून होते. पोफळ नव्याने लावली तर ती फळायला पाच-सात वर्षे लागतात.