धुराचं कुळ

पेण-रोह्याकडे उन्हं तापू लागली की खाचराच्या कोपऱ्यात राब रचतात. तळाला शेण, त्यावर कवळ म्हणजे छाटलेल्या फांद्या, मग पातेरा आणि गवत, सगळ्यांत वर मातीचा पातळ थर. वारा ज्या टोकाकडे जातो तिथून काडी लावायची, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर सावकाश सरकते आणि जमीन नीट भाजते. पावसाळ्याच्या तोंडावर तिथेच भाताचं बी पडतं आणि तरवा उगवतो. त्याच दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर डिझेलच्या गाड्यांची रीघ असते, डोलवीला पोलाद बनत असतं, धाटावचे रासायनिक कारखाने चालू असतात आणि संध्याकाळी चुली पेटतात. हवेत मिसळल्यावर हे सगळे धूर डोळ्यांना एकच. तरीही त्यांना त्यांचं कुळ विचारता येतं. ज्या विद्येने ते विचारता येतं, ती मात्र हवेसाठी जन्मलेली नव्हती.

१९१३ साली फ्रेडरिक सॉडी या शास्त्रज्ञाला एका शब्दाची गरज पडली. रासायनिक गुण सारखे, आवर्त सारणीत जागा एकच, पण वजन निराळं, अशा अणूंना म्हणायचं काय? मार्गारेट टॉड या डॉक्टर आणि कादंबरीकार बाईंनी ग्रीकमधून ‘आयसोटोप’ सुचवला: एकाच जागेवरचा. मराठीतला ‘समस्थानिक’ तंतोतंत तेच सांगतो. कार्बनचे शंभरातले जवळजवळ नव्व्याण्णव अणू १२ वजनाचे, उरलेला एखादा १३ वजनाचा. हा जड भाऊ सापडला १९२९ मध्ये. दोघेही स्थिर, काळ कितीही जावो, त्यांचा ऱ्हास होत नाही.

समस्थानिकांवरून कुळ ओळखण्याच्या या विद्येचा खरा जन्म माझ्या लेखी १९३९ सालचा. आल्फ्रेड नियर आणि अर्ल गुलब्रॅन्सन यांना तेव्हा दिसलं, की चुनखडीत जड कार्बन थोडा जास्त असतो आणि वनस्पतींत थोडा कमी. पान हवेतला कार्बन वायू घेताना हलक्या अणूला झुकतं माप देतं. फरक इतका बारीक, की तो दर हजारी मोजावा लागतो. मोजायचा कशाच्या तुलनेत? शिकागोत हॅरल्ड युरी यांची मंडळी प्राचीन समुद्रांचं तापमान शोधत होती. त्यांनी दक्षिण कॅरोलिनातल्या पीडी थरातला बेलेम्नाइट नावाच्या सागरी जीवाचा जीवाश्म शून्य मानला. तो जीव क्रिटेशस काळातला. त्याच काळाच्या अखेरीला, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आपल्या सह्याद्रीचा लाव्हा बाहेर पडत होता. तो मूळ जीवाश्म कधीच वापरून संपला, पण जगभरचा कार्बन आजही त्याच शून्यापासून मोजतात.

त्या मापाने भात, आंबा, ऐन अशा वनस्पती उणे २७ च्या आसपास येतात. ऊस, ज्वारी, मका यांची पानं कार्बन निराळ्या वाटेने घेतात, म्हणून ती उणे १३ च्या जवळ. म्हणजे देशावरचं उसाचं पाचट आणि कोकणातला भाताचा पेंढा धूर झाल्यावरही वेगळे ओळखू येतात. मला या विद्येतलं हे सर्वांत सुंदर वाटतं.

धरमतर खाडीपलीकडे, मुंबईत, हे प्रत्यक्ष करून पाहिलं गेलं. जून २००६ आणि फेब्रुवारी २००७ मध्ये तिथल्या हवेतले १० मायक्रॉनपर्यंतचे कण गोळा केले. शंकर अग्रवाल, होक्काइदो विद्यापीठाचे किमिताका कावामुरा, आयआयटी मुंबईच्या रश्मी पाटील आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. अशा कामात कण धरलेल्या फिल्टरचा तुकडा जाळून त्याचा कार्बन वायू करतात आणि जड-हलके रेणू चुंबकाने वेगळे मोजतात. जूनची सरासरी निघाली उणे २६.५, फेब्रुवारीची उणे २५.९. हिवाळ्यात मुख्य घटकांचं प्रमाण तिप्पट-चौपट होतं, आणि कार्बन किंचित जड. त्यांनी लावलेला अर्थ असा: हिवाळ्यातले कण हवेत जास्त दिवस रेंगाळतात, उन्हात मुरतात, हलका कार्बन आधी निसटतो, जड मागे उरतो. म्हणजे आकड्यातून धुराचं वयही डोकावतं.

पण डिझेलही प्राचीन सागरी जीवांचंच वंशज. त्याचा आकडा लाकडाच्या इतका जवळ, की एकट्या कार्बन-१३ वर निवाडा होत नाही. म्हणून मुंबईच्या त्या अभ्यासात नायट्रोजनचे जड-हलके अणूही मोजले. तो आकडा दर हजारी अधिक १८.१ ते २५.४ भरला आणि लाकूडफाटा, गोवऱ्या, काडीकचरा यांच्या जळणाकडे बोट दाखवून गेला. दुसरा साक्षीदार कार्बन-१४. हा भाऊ स्थिर नाही. कोळशात, तेलात तो कधीच संपलेला, कालपरवाच्या लाकडात शिल्लक. सिंहगडावर आणि मालदीवमध्ये धरलेल्या हिवाळी कणांत ऑर्यान गुस्ताफसन यांच्या गटाने तो मोजला. २००९ मध्ये त्यांनी लिहिलं, की कार्बनी कणांचा दोन-तृतीयांश भाग जैविक जळणाचा आहे.

कोकणात तर वाराच दिवसातून दोनदा साक्ष फिरवतो. हिवाळ्यात पहाटेचा मतलई सह्याद्रीकडून समुद्राकडे, दुपारनंतर खारा वारा उलटा. म्हणून पेणला एक फिल्टर मतलईत धरावा, दुसरा खाऱ्या वाऱ्यात. रोह्याला कुंडलिकेच्या काठी तसेच दोन. त्याआधी मात्र इथलीच जळणं मोजून घ्यायला हवीत: मूठभर कवळ, एक शेणी, वडखळ नाक्यावरच्या ट्रकची काजळी. हे इथले आकडे हाताशी असले, तरच फिल्टरवरच्या काळ्या डागाला कुळ विचारता येईल.