कारंज्याचा कापूस आणि मागणीचे आठ प्रकार

आमच्या ऑफिसात निम्मी जनता एमबीएच्या तयारीला लागलेली असते, त्यामुळे टपरीवरच्या चहातसुद्धा कोटलर बुडवून खाल्ला जातो. फिलिप कोटलरने १९७३ साली एका लेखात मागणीच्या आठ अवस्था मांडल्या: नकारात्मक, शून्य, सुप्त, घसरती, अनियमित, पूर्ण, अति आणि अपायकारक. प्रत्येक अवस्थेत मार्केटिंगवाल्याने काय करायचं तेही सांगितलं. उदाहरणं म्हणून सगळ्यांना दाताचा डॉक्टर आणि सिगरेटच आठवतात. मी मूळचा वाशिम जिल्ह्यातला, त्यामुळे मला कापूस आठवतो.

नकारात्मक मागणीपासूनच सुरू करू. एकोणिसाव्या शतकात पश्चिम भारतातून जाणाऱ्या कापसाला लँकेशायरमध्ये सरसकट 'सुरत' म्हणत, आणि तो तिथे कुणाला नको असे. धागा आखूड, त्यात सरकी, पाला, माती. सूत सारखं तुटायचं आणि मजुरी कामाच्या नगावर, म्हणजे सूत तुटलं की कामगाराचे पैसे बुडाले. त्यांना अमेरिकन कापूस हवा होता आणि तो मिळतही होता.

मग १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडायला लागल्या आणि कालपर्यंत नाक मुरडलेला 'सुरत' रातोरात सोन्याच्या भावाचा झाला. कोटलरच्या तक्त्यात पहिल्या कप्प्यातून थेट सातव्यात उडी! वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होतंच, तिथला कापूस मुंबईकडे धावला. पण १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि त्याच जुलैत मुंबईचा शेअर बाजारही झोपला. गंमत म्हणजे मुंबईहून वऱ्हाडमार्गे नागपूरपर्यंतची रेल्वे पूर्ण झाली १८६७ साली. रिलीज डेट चुकलेलं प्रॉडक्ट, दुसरं काय.

आता कारंजा. कारंजा लाड, आज वाशिम जिल्ह्यात (जिल्हा १९९८ चा, त्याआधी आम्ही अकोल्यात), तेव्हा निजामाकडून इंग्रजांनी घेतलेल्या मुलखात. १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमाने इथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. भारतातला पहिला! ज्या बाजार समित्यांवरून २०२० मध्ये देशभर रान पेटलं, त्यांची वंशावळ मागे मागे नेली की आमच्या कारंज्यात येऊन थांबते. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला आणि इतर प्रांतांनी तोच समोर ठेवला.

शाळेत हे शिकवलं असतं तर छाती फुगली असती. पण हा बाजार कशासाठी झाला? मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस रास्त भावात मिळावा म्हणून. 'रास्त' म्हणजे घेणाऱ्याला रास्त. कोटलरच्या भाषेत नकारात्मक मागणी असेल तर गिऱ्हाइकाचं मन वळवायचं. इथे गिऱ्हाइकाचं मन वळवायच्या भानगडीत कुणी पडलंच नाही, विकणाऱ्यालाच शिस्त लावली. पिकवणाऱ्याला न्याय्य वागणूक मिळावी हा विचार कायद्यात यायला १९२७ चा मुंबईचा कापूस बाजार कायदा उजाडावा लागला. म्हणजे ४१ वर्षं! आणि वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हतंच.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट मात्र बनी आणि जरीची वाटते. बनी हा वऱ्हाडचा लांब, तलम धाग्याचा देशी कापूस, आणि जरी आखूड, जाडाभरडा. साहेब लोकांचा जीव बनीवर. शेतकरी मात्र हळूहळू जरीकडे वळले, आणि साहेबांना वाटे की ही मंडळी अडाणी. आता हिशेब बघा. जरीचं उत्पन्न जास्त, रुईचा उतारा जास्त. मुंबईच्या गिरण्या आणि नंतर जपान जाडं सूत कातायचे, त्यांना आखूड धागा चालायचा. बनीची तारीफ सगळे करायचे, पण कमी उताऱ्याची भरपाई होईल इतका जास्त भाव कुणी देत नव्हतं. नुसती इच्छा म्हणजे मागणी नव्हे, इच्छेमागे खिसा लागतो, हे कोटलर पहिल्याच प्रकरणात सांगतो. आमच्या अडाणी पणजोबांनी ते पुस्तकाशिवाय ओळखलं होतं.

तरीही एक गोष्ट त्या आठ कप्प्यांत बसत नाही. कपड्याची मागणी गिऱ्हाइकाची, त्यातून सुताची गिरणीची, त्यातून रुईची, आणि या साखळीच्या शेवटी कारंज्याचा बैलगाडीवाला. अर्थशास्त्रात याला व्युत्पन्न मागणी म्हणतात (शब्द भयंकर आहे, मान्य). कोटलरचा मॅनेजर मागणी वाढवतो, घटवतो, वळवतो. बैलगाडीवाल्याच्या हातात फक्त पुढच्या वर्षी काय पेरायचं एवढंच होतं.

आता वाशिमात कापसापेक्षा सोयाबीनच जास्त दिसतं. त्याचा भाव खायच्या तेलावर आणि कोंबड्यांच्या खाद्यावर ठरतो, आणि तेलाची आयात ड्युटी दिल्लीत बदलते. दिवाळीच्या आगेमागे गावाहून काकांचा फोन येतो, "काय राहीन रे भाव यंदा?" मी इंजिनिअर, म्हणून मला माहीत असणार! मी नेट उघडून शिकागोचा दर वाचून दाखवतो. काका म्हणतात, "तिथं पाऊस कसा हाये ते पाय."