दिनविशेष : ८ मे – ‘डॉट इन’ आले!
१९८९ साली आजच्या दिवशी इंटरनेटच्या जागतिक नोंदवहीत भारताच्या ‘डॉट इन’ची (.in), म्हणजे इंटरनेटवरील पत्त्याच्या शेवटी येणाऱ्या देशाच्या खुणेची, नोंद झाली. तिचा कारभार होता मुंबईतील जुहूच्या ‘एनसीएसटी’कडे, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे.

डॉ. श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखालील या संस्थेने ‘अर्नेट’ या शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणाऱ्या संगणक-जाळ्याच्या प्रकल्पातून पवईच्या आयआयटीशी टेलिफोनच्या तारेवरून ई-मेल सुरू केली होती. १९८९मध्येच जुहूहून थेट अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत जोडणी झाली. वेग सेकंदाला अवघा ९,६०० बिट! एक एमबीचा फोटो पाठवायचा तर जवळपास १४ मिनिटे लागली असती.

याच संस्थेत पुढे ‘मात्रा’ ही इंग्रजी-हिंदी यंत्रानुवादाची प्रणाली घडली. इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ येणारे क्रियापद हिंदीत वाक्याच्या शेवटी न्यायचे, ही पहिली कसरत. अर्थाचा गुंता सुटला नाही, तर यंत्र माणसाची मदत घेई. बातम्यांच्या अनुवादावर तिचा विशेष भर होता.

२००३मध्ये ‘एनसीएसटी’ पुण्याच्या ‘सी-डॅक’मध्ये, म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्रात, विलीन झाली. ‘डॉट इन’चा कारभार नंतर ‘निक्सी’कडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे गेला. २०१४मध्ये रमणी यांची ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये निवड झाली.