रोडगे : वऱ्हाडातील एक पंगत

रोडगे : गव्हाच्या जाडसर कणकेचे, पदर राखून वळलेले व गोवऱ्यांच्या आरात भाजलेले गोळे. वर साजूक तूप, सोबतीस तुरीचे वरण व वांग्याची भाजी, एवढ्यावर हे जेवण पुरे होते. अमरावती व अकोला जिल्ह्यांत हे रोजच्या चुलीचे अन्न नव्हे, पंगतीचे अन्न होय. ‘वावरात रोडगे आहेत’ एवढा निरोप निमंत्रणास पुरतो.

पयानघाटच्या, म्हणजे वऱ्हाडच्या सखल मैदानाच्या, काळ्या जमिनीत कापूस व ज्वारी ही मुख्य पिके असल्याने ज्या रयतेच्या ताटात वर्षभर ज्वारीची भाकर असे, तिच्या लेखी गहू हे सणाचे धान्य ठरले, आणि नवस फेडावयाचा तर तो गव्हाच्या रोडग्यानेच, असा दस्तूर पडला. सोळाव्या शतकातील एकनाथांच्या भारुडात भवानीआईला वाहावयाचा आहे तो रोडगाच. आणि मार्गशीर्षातील चंपाषष्ठीस खंडोबाला वांग्याच्या भरिताबरोबर रोडग्याचा नैवेद्य दाखविण्याची चाल वऱ्हाडाबाहेरही दूरवर आहे. खानदेशातील बट्टी, माळव्यातील बाटी व बाफले, बिहारातील लिट्टी हे याचे सगोत्र होत. तथापि पदरांची रचना आणि पंगतीचा थाट या दोन बाबतींत वऱ्हाडाने रोडग्यास जे रूप दिले, ते स्वतंत्रच मानावे लागते.

कणीक रवाळ दळलेली हवी. बारीक पिठाचा रोडगा चिवट होतो. तीत मीठ, ओवा व तेलाचे सढळ मोहन घालून ती घट्ट भिजवितात. खमीर घालीत नाहीत. मग लहानमोठ्या पाऱ्या लाटून, प्रत्येकीस तेलाचा हात लावून, त्या एकीवर एक रचितात आणि सर्वांत मोठ्या पारीत ती चवड गुंडाळून तोंडबंद गोळा वळतात. हे तेल पदरांना परस्परांस चिकटू देत नाही, आणि आत कोंडलेल्या वाफेवर गाभा शिजतो. म्हणूनच नीट उतरलेला रोडगा फोडला असता त्याचे पापुद्रे सुटे निघतात.

खरे मर्म मात्र विस्तवात आहे. तुराट्या व पऱ्हाट्या यांचा जाळ भडकतो तसाच लवकर विझतो, म्हणून त्या पेटवणीपुरत्याच घेतात. मुख्य भरवसा गोवऱ्यांचा, कारण शेणातील काडीकचरा संथ जळतो आणि वर जमणारी राख उष्णता धरून ठेवते. मोकळ्या जागी गोवऱ्यांचा जगरा पेटवून, धूर ओसरला, जाळ बसला आणि लाल आर पडला म्हणजे तो पसरून त्यात रोडगे मांडतात, चहूअंगांनी फिरवून घेतात आणि मग वरून राखमिश्रित निखारे लोटून झाकतात. येथून पुढे घड्याळाचा उपयोग नाही. आराजवळ बसलेला जाणता गृहस्थ लांब काठीने एखादा रोडगा उकरून काढतो, कवच कोठे तडकले आहे ते न्याहाळतो, टिचकी मारून आवाज ऐकतो, आणि मन मानले नाही तर तो पुन्हा राखेत लोटतो. पंगत कितीही खोळंबली तरी त्याच्या होकाराशिवाय रोडगे बाहेर निघत नाहीत.

याच्या उलट रीत इटलीतील नेपल्स शहरी आहे. तेथील पिझ्झाचे सैल, आंबविलेले पीठ विटांच्या घुमटाकार भट्टीत, लाकडाच्या जाळाशेजारी, ४०० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णतेत ६० ते ९० सेकंदांत भाजून निघते. काठ फुगतो आणि त्यावर काळे ठिपके उमटतात. तेथे क्षणाची घाई, येथे राखेचा संथ ताव. परंतु दोन्हीकडे गहू सिद्ध होतो तो भाजणाऱ्याच्या नजरेने. नेपल्सकरांनी १९८४ मध्ये संस्था स्थापून पिठापासून भट्टीपर्यंतचे नियम कलमवार लिहून काढले, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने त्या कारागिरांची कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत दाखल केली. आरापाशी बसणाऱ्या वऱ्हाडी माणसाची विद्या तोंडी व हातची आहे. तीही तितक्याच आदरास पात्र आहे, असे प्रस्तुत लेखकाचे निश्चित मत आहे.

रोडग्यांचे सर्वांत मोठे स्थान म्हणजे अमरावती जिल्ह्याच्या चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी भरणारी बहिरमची यात्रा. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत ती चालते. राहुट्यांपुढे जागोजाग आर पडलेले असतात, आणि मातीच्या हंडीत शिजविलेले मटण व रोडगे यांसाठी लोक दुरून येतात. जत्रांतील पशुबलीविरुद्ध ज्यांनी आयुष्यभर कीर्तने केली ते गाडगेबाबा याच जिल्ह्यातील शेंडगावचे. निरामिष पंगतीत हंडीची जागा आलू-वांग्याची भाजी घेते.

पंगत बसते ती जमिनीवर, पळसाच्या पत्रावळीपुढे. रोडगे धडप्यात घोळून राख झाडतात, मुठीच्या दाबाने फोडतात आणि वाफ निघत असतानाच पापुद्र्यांत तूप सोडतात. नंतर वरण येते, आणि भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, घातलेली झणझणीत भाजी. रोडगा वरणात चुरावा, भाजी मात्र वेगळी ठेवावी. वाढप्याचा आग्रह मोडवत नाही हे खरे, पण पदार्थ जड असल्याने नवख्याने पहिल्या वाढीलाच हात आखडता घ्यावा. उरलेले रोडगे दुसरे दिवशी कुस्करून, गूळ व तूप मिसळून खातात.

रोडग्यांचाच सोपा प्रकार म्हणून पळसाच्या पानांत कणकेचे चपटे गोळे घालून आरात भाजतात ते पानगे. त्यांस पदर नसतात, ते लवकर होतात, आणि पानाचा किंचित तुरट वास त्यांस लागतो.

गोवऱ्या दुर्मिळ झालेल्या शहरांतून हल्ली तंदुरात वा विजेच्या भट्टीत रोडगे भाजण्याची तजवीज करतात. कवच साधते, पण राखेच्या उबेत सावकाश मुरलेला गाभा साधत नाही, आणि धुराचा वास तर मुळीच नाही. ज्यास रोडगे जेवावयाचे असतील त्याने हिवाळ्यात, वांगी कोवळी असताना, अमरावती-अकोल्याकडील एखाद्या वावरातील पंगतीस जावे, आणि आर पडण्यापूर्वीच तेथे पोहोचावे.