नदीकाठचं सावारा आणि पन्नाशीचा विद्यार्थी

श्रोते मंडळी, आज जरा लांबच्या गावी जाऊ. जपानात टोकियोच्या पूर्वेला ७०-७५ किलोमीटरवर सावारा नावाचं गाव आहे. गावातून ओनो ही लहानशी नदी वाहते आणि पुढे मोठ्या तोने नदीला मिळते. दोन्ही काठांवर काळ्या कौलांची जुनी दुकानं, आणि समोर थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. या पायऱ्यांवरून पूर्वी होड्यांतला माल चढे-उतरे.

टोकियोला तेव्हा एदो म्हणत. सतराव्या शतकात राज्यकर्त्यांनी तोनेचा प्रवाह पूर्वेकडे वळवला आणि एदोला जाणारी पाण्याची वाट बांधली गेली. तांदूळ, तांदळाचं साके नावाचं मद्य, सोयाबीनचा रस्सा, सारं या वाटेनं राजधानीला जाऊ लागलं. सावाऱ्याला लोक 'एदोहून सरस' म्हणू लागले. १८९२ साली मोठी आग लागली. तेव्हा व्यापाऱ्यांनी जाड मातीच्या भिंतींची, आगीला दाद न देणारी दुकानं उभारली. १८९८ मध्ये आगगाडी आली आणि होड्यांचे दिवस हळूहळू सरले.

नदीवर एक पूल आहे. त्याच्या कडेनं अधूनमधून पाण्याची धार खाली कोसळते. आज हा देखावाच आहे, पण मुळात तसं नव्हतं बरं का! मूळ पूल म्हणजे शेताचं पाणी नदीपलीकडे नेणारी लाकडी पन्हळ. खालून व्यापाऱ्याची होडी, वरून शेतकऱ्याचं पाणी.

या पुलाजवळच इनो तादाताका याचं घर आहे. जन्म १७४५ चा. वयाच्या सतराव्या वर्षी तो या घरात घरजावई म्हणून आला. धंदा साके गाळण्याचा आणि तांदळाचा. बुडू पाहणारी पेढी त्यानं वर काढली. १७८०च्या दशकात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा त्यानं गोरगरिबांना धान्य वाटलं.

मग पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यानं कारभार मुलाकडे सोपवला. तीर्थयात्रेला गेला म्हणता? छे! १७९५ मध्ये तो एदोला जाऊन खगोलशास्त्र शिकू लागला. गुरू ताकाहाशी योशितोकी त्याच्याहून १९ वर्षांनी लहान! शिष्याला एकच ध्यास : पृथ्वीचा एक अंश किती लांब? त्यासाठी दूरवर उत्तर-दक्षिण अंतर मोजायला हवं. १८०० साली, पंचावन्नाव्या वर्षी, तो उत्तरेच्या एझो बेटाकडे निघाला. बराचसा खर्च पदरचा, आणि अंतर मोजायचं पावलं मोजून. दिवसा चालायचं, रात्री तारे पाहायचे. १८१६ पर्यंत अशा दहा मोहिमा झाल्या. एका अंशाचं त्याचं माप आजच्या मापाच्या अगदी जवळ येतं. १८१८ मध्ये तो वारला. सहकाऱ्यांनी नकाशा १८२१ मध्ये पुरा केला. मोठ्या प्रतीचे कागदच २१४!

योगायोग पाहा. त्याच काळात, १८०२ पासून, विल्यम लॅम्ब्टन मद्रासकडून आपला देश मोजत होता. तो १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. दोघांची कधी गाठ पडली नाही, पण प्रश्न एकच होता.

२०११ च्या भूकंपात सावाऱ्याची कौलं घसरली. गावकऱ्यांनी ती पुन्हा चढवली. तेव्हा गुरुजी, नकाशा शिकवताना मुलांना एकदा शाळेचं अंगण पावलांनी मोजायला लावा. आणि घरी बसलेल्या आजोबांनाही हाक मारा. शिकायला उशीर झाला, असं त्यांनी म्हटलं तर त्यांना सावाऱ्याच्या या व्यापाऱ्याची गोष्ट सांगा.